पेल्यातलं उरलेलं पाणी

आमच्या घरात कुणाला तहानलेलं बघवत नाही. कुरिअरवाला दारात सही घेत असतो तोवर आई आतून पेला घेऊन येते. सिलिंडरवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, मत मागायला आलेला उमेदवार आणि तासाभराने आलेला त्याचा प्रतिस्पर्धी, सगळे आमच्याकडे पाणी पिऊन गेलेले आहेत. उन्हाळ्यात गॅलरीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी मातीचं भांडं असतं, जिन्याखाली मांजरीसाठी वाटी असते. अशा घरात मी वाळवंटातलं झाड आणलं. आता वाटतं, आधी त्या झाडाला घर दाखवायला हवं होतं.

खरं तर निघालो होतो गुलाब आणायला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेलं की नर्सऱ्यांच्या रांगा लागतात. त्यातल्या एकीत शिरलो. मालकाने माझे स्वच्छ हात बघितले आणि म्हणाला, "साहेब, गुलाबाचं रोज बघायला लागतं. तुम्ही हे न्या. डेझर्ट रोझ. काहीच करायला लागत नाही."

डेझर्ट रोझ म्हणजे अडेनियम. वडाच्या झाडाचा बटाटेवड्याशी जितका संबंध, तितकाच याचा गुलाबाशी. बुंधा सुरणाच्या गड्ड्यासारखा फुगलेला, निम्मा मातीच्या वर आलेला. त्यावर चार बारक्या फांद्या, फांद्यांच्या टोकाला पानांचे झुबके आणि त्या झुबक्यांत कर्ण्याच्या आकाराची, पाच पाकळ्यांची गडद गुलाबी फुलं. एखाद्या पहिलवानाला हळदीकुंकवाला बोलावून त्याच्या डोक्यात गजरा माळावा, तसं दिसत होतं. मला एकदम आवडलं.

"पाणी किती घालायचं?" मी विचारलं.

"विसरून जायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी घालायची आठवण झाली की अजून चार दिवस थांबायचं."

त्यानंतर मी अडेनियमवर पुष्कळ वाचलं. पण त्या माणसाने कुंडीला कागद गुंडाळता गुंडाळता सांगितलं त्याच्या पलीकडचं फारसं काही हाती लागलं नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना बसवून सांगितलं. या झाडाच्या पोटात पाण्याची टाकी आहे. ते महिना महिना पाण्यावाचून राहतं. कुणीही पाणी घालायचं नाही, मी घालीन. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्याकडे मान डोलावतात तेव्हा सावध राहायला हवं, हे मला चाळिशी उलटली तरी कळलेलं नाही.

सहाव्या आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची दोन, मग पाच, मग गॅलरीत केर काढताना सुपलीभर. फुलं गळाली. एका रविवारी सकाळी मी बुंध्याला हात लावला तर अंगठा आत गेला. जास्त पिकलेलं केळं सालीवरून दाबावं तसा. आतून तपकिरी पाणी आलं आणि त्याला जो वास होता, तो मी सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवून वाचत असाल. फांदी धरून उचललं तर फांदी हातात आली आणि बाकीचं झाड कुंडीतच राहिलं.

चौकशी समिती बसवली. आईने आधीच सांगून टाकलं, "मी पाणी घातलंच नाही. फक्त देवाच्या पूजेचं पाणी घालत होते. ते काय पाणी आहे का, तीर्थ आहे." हे तीर्थ रोज एक तांब्या निघतं. तुळशीला घालून उरलेलं पायदळी जाऊ नये म्हणून या कुंडीत. बायको म्हणाली, "मी तर नळाचं पाणी एकदाही घातलं नाही. तांदळाचं धुवण घालत होते, त्यात सत्त्व असतं." बाबांनी चहाचा चोथा घालत असल्याची कबुली दिली आणि तो पातेलं विसळूनच टाकावा लागतो हेही जोडलं. कामाच्या मावशी म्हणाल्या, "दादा, मी कशाला घालतीय? गॅलरी पुसून झाल्यावर बादलीत उरतं तेवढंच." मुलाने आपल्या दप्तरातल्या बाटलीचा हिशेब उघड केला. पूर्ण बाटली प्यायलास का, असं त्याची आई विचारते म्हणून शाळेतून येताना उरलेलं पाणी तो थेट कुंडीत रिकामं करत होता. आणि मी? मी दर रविवारी, ठरल्याप्रमाणे, मापाने एक मग.

मराठीत एखाद्याला पाणी पाजलं म्हणजे त्याला चारीमुंड्या चीत केलं, हा अर्थ कुठून आला असेल याचा मला त्या दिवशी उलगडा झाला. आम्ही सहा जणांनी मिळून त्या झाडाला पाणी पाजलं होतं.

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पुढच्या रविवारी जाऊन तीन कुंड्या आणल्या. एक मेली तर दोन राहतील, हे गणित. पण या वेळी झाडाच्या आधी त्याची माहिती घरात आणायची ठरवली आणि ती आणली बाबांच्या मार्गाने. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी समोरच्याला पाठ समजला की नाही हे बघितल्याशिवाय ते उठत नाहीत. त्यांना मी नुसतं म्हटलं, "बाबा, हे झाड मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातलं. एडनवरून अडेनियम असं नाव पडलं म्हणतात."

वर्तमानपत्र खाली आलं. "एडन? आपल्या फडक्यांना नेलं ते एडन?"

वासुदेव बळवंत फडक्यांना इंग्रजांनी जन्मठेपेवर एडनला पाठवलं. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले. हे बाबांनी मला दहाव्यांदा सांगितलं. मग ते गॅलरीत गेले, चष्मा लावून त्या फुगीर बुंध्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. त्या दिवसापासून चहाचा चोथा बंद. "तिथल्या उन्हात उभं राहिलेलं झाड आहे," ते आईला म्हणाले, "त्याला आपली दया नको." वर हेही सांगितलं की एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं, त्यामुळे हे झाड परदेशी आहे असं म्हणायला त्यांची तयारी नाही.

मुंबईशी आणखी एक धागा आहे, तो मला सापडला तेव्हा मी बाबांना सांगायला अक्षरशः धावत गेलो. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली सहा जणांची एक तुकडी अरबस्तानात पाठवली. त्यात पेटर फोर्स्कोल नावाचा, लिनियसचा शिष्य, वनस्पतींचा अभ्यासक होता. येमेनच्या डोंगरांत त्याने हे झाड बघितलं, टिपून ठेवलं आणि १७६३ च्या जुलैत हिवतापाने तिथेच मेला. उरलेले जहाजाने मुंबईकडे निघाले. चित्रकार वाटेत समुद्रातच गेला, डॉक्टर मुंबईला पोचून गेला. सहांपैकी जिवंत परतला एकच, कार्स्टन नीबूर. हा गृहस्थ मुंबईत वर्षभराहून जास्त राहिला आणि त्या काळात घारापुरीला पुन्हा पुन्हा जाऊन लेण्यांची मापं घेत, चित्रं काढत बसला. घरी गेल्यावर त्याने मेलेल्या मित्राच्या टिपणांचं पुस्तक १७७५ साली छापलं. त्यात या झाडाचं पहिलं शास्त्रीय नाव आहे: नेरियम ओबेसम. नेरियम म्हणजे कण्हेर आणि ओबेसम म्हणजे लठ्ठ. लठ्ठ कण्हेर! पुढे १८१९ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी त्याला कण्हेरीपासून वेगळं काढून अडेनियम हे नाव दिलं. लठ्ठपणा मात्र नावात तसाच ठेवला, अडेनियम ओबेसम. 'लठ्ठ कण्हेर घ्या' असं म्हणून कुणी साडेचारशे रुपये मागितले असते तर मी दिले नसते. डेझर्ट रोझ म्हटल्यावर दिले.

पण कण्हेर म्हटल्यावर आईचे कान टवकारले. "म्हणजे चिकाचं झाड? विषारी?"

विषारी तर आहेच. कण्हेर, रुई, तगर, चाफा, सदाफुली हे सगळं एकच घराणं, फांदी मोडली की पांढरा चीक. आफ्रिकेत काही ठिकाणी याच्या चिकापासून बाणांना लावायचं विष करत आले आहेत. त्या घराण्यात करवंदासारखं एखादंच खाण्यासारखं, बाकी कुणाच्या वाटेला जाऊ नये. छाटणी केली की हात साबणाने धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत, घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवायची. एवढं पाळलं की भ्यायचं कारण नाही, जसं तगरीला आपण भीत नाही. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विषारी असलं तरी तहान लागतेच की."

दुसऱ्या खेपेला मी मातीपासून सुरुवात केली. खरं सांगायचं तर अडेनियमच्या मातीत माती जवळजवळ नसतेच. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे दोन वाट्या, जाड वाळू एक वाटी, जुनं, चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटी आणि मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण असं व्हायला हवं की वरून पाणी ओतलं आणि मनात पाचपर्यंत आकडे मोजले की ते खालच्या भोकातून बाहेर. मुळांशी पाणी थांबलं की सडलीच. विटा मी सोसायटीच्या मागच्या बांधकामावरून मागून आणल्या आणि गॅलरीत बसून बत्त्याने फोडल्या. खालच्या मजल्यावरून निरोप आला की तुमच्याकडे काही तोडफोडीचं काम असेल तर सोसायटीची परवानगी लागते. चाळायला बायकोची रव्याची चाळण घेतली. तो विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही.

कुंडी बदलताना झाड दरवेळी दोन बोटं वर उचलून लावायचं असतं. म्हणजे मुळांचा वरचा भाग हळूहळू मातीबाहेर येतो, उन्हात कडक होतो आणि दोन-तीन वर्षांत बुंध्याचे पाय दिसायला लागतात. अडेनियमची सगळी ऐट या पायांत आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात लोक फुलांचे फोटो काढतात तेव्हा माझ्यासारखे दोन-चार जण कमरेत वाकून झाडांचे पाय बघत असतात. बायको अशा वेळी माझ्यापासून थोडी लांब उभी राहते.

कुंडी बदलल्यावर मोडलेली मुळं वाळून भरून यावीत म्हणून आठवडाभर पाणी द्यायचं नाही, हा नियम आईला सांगताना मला खरोखर अवघड गेलं. "नव्या घरात आणून बसवलं," ती म्हणाली, "आणि आठ दिवस पाणीही विचारायचं नाही?" तिच्या आवाजात ते झाड सासरी आलेलं होतं.

अडेनियम पाळणाऱ्याची खरी परीक्षा असते ती दाबून बघण्यात. बुंधा दगडासारखा घट्ट लागला की पाणी नको. मऊ लागला की पाणी हवं. इथपर्यंत सोपं. पण सडायला लागला तरी तो मऊच लागतो! म्हणजे तहानेने मरणारं झाड आणि बुडून मरणारं झाड हाताला सारखंच लागतं, आणि उपाय एकदम उलटे. फरक असा की तहानलेला बुंधा सगळीकडून सारखा मऊ होतो, कातडी थोडी सुरकुतते, मोकळ्या झालेल्या पिशवीसारखी. सडलेला एका जागी मऊ लागतो, तिथे रंग काळपट दिसतो आणि वरची पानं पिवळी होतात. हे मी घरात समजावून सांगितलं ती माझी चूक. तेव्हापासून येताजाता प्रत्येक जण तिन्ही झाडं दाबून बघायला लागला. हापूसच्या पेटीपाशी लोक करतात तसं. आंबेवाला निदान ओरडतो तरी, "दाबू नका, घ्यायचा असेल तर घ्या."

शिवाय सल्ले. बागेची हौस आहे हे नातेवाईकांत पसरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. केळीच्या साली तीन दिवस भिजवून ते पाणी घाला. कांद्याच्या सालींचं पाणी घाला, फुलं दुप्पट येतात. आंबट ताकाचं पाणी. डाळ धुतलेलं पाणी. मत्स्यालय बदललं की त्यातलं पाणी. मामांनी गोमूत्र सांगितलं, तेही दहापट पाण्यात मिसळून. या सगळ्यांत काय काय सत्त्व असेल ते असो, शेवटचा शब्द बघा. उपाय कुठलाही घ्या, मराठी माणूस फिरून पाण्यावर येतो.

फेब्रुवारीत छाटणी. अडेनियमला फुलं येतात ती फांद्यांच्या टोकाला. टोकं वाढवायची तर फांद्या वाढवायला हव्यात, आणि फांदी कापली की एकीच्या जागी दोन-तीन फुटतात. त्यामुळे थंडी सरली की धारदार कात्री स्पिरिटने पुसून सगळ्या फांद्या निम्म्यावर आणायच्या. कापल्याबरोबर प्रत्येक टोकाला चिकाचा पांढरा थेंब जमतो, मग तो ओघळतो. त्यावर बुरशीनाशकाची पूड लावायची. छाटून झाल्यावर जे उरतं ते बघवत नाही. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसती बोटं तोडलेली मूठ वर केल्यासारखं. समोरच्या काकांनी गॅलरीतून हळू आवाजात विचारलं, "गेलं का हो?" मी म्हटलं, "नाही काका, छाटलंय." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी बातमी लपवतोय. दुसऱ्या दिवशी ते खास घरी आले. बसले. पाणी प्यायले.

डिसेंबरातही असंच होतं. पुण्याच्या थंडीत झाड पानं टाकून झोपी जातं आणि या झोपेत त्याला पाणी म्हणजे मरणच. तेव्हा ते इतकं केविलवाणं दिसतं की आई रात्री उठून पाण्याला जाते ती खरंच स्वतःसाठी जाते का, हे बघायला मी कान देऊन पडलेलो असतो.

एका सप्टेंबरात सकाळी उठून बघतो तर मधल्या झाडावर एकही पान नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत भरलेलं होतं. शोधलं तर फांदीला करंगळीहून जाड एक हिरवीगार अळी चिकटलेली. मी बोट लावल्याबरोबर तिने डोकं आत घेतलं आणि मानेवर दोन निळे डोळे उघडले. खोटे डोळे, पक्ष्यांना घाबरवायला. पक्ष्यांचं माहीत नाही, मी दोन पावलं मागे सरलो. कण्हेरीवरचा पतंग आहे, त्याची अळी कण्हेर, तगर, अडेनियम सगळं खाते, ते विष तिला बाधत नाही. मी चिमटा शोधेपर्यंत मुलाने तिला नाव ठेवलं होतं. मग तिला काय करता येणार? खालच्या तगरीवर नेऊन सोडली. तिथे ती रमली. आईने फक्त एवढंच विचारलं की अळीला पाणी लागतं का.

आणि पावसाळा. मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा आमचा मोगरासुद्धा दुपारी मान टाकतो, तेव्हा अडेनियम फुलांनी लगडलेलं असतं. ४० अंशांत ते सुखी असतं. पण एडन शहरात वर्षभरात पाऊस पडतो तो पन्नासेक मिलिमीटरच्या आसपास आणि पुण्यात पडतो सातशेच्या. आमचा एक जोरदार दिवस म्हणजे त्यांचं वर्ष. त्यामुळे मृग लागला की लोक छत्र्या काढतात आणि मी कुंड्या उचलतो. तीनाच्या सात कधी झाल्या ते मला कळलं नाही, बायकोला तारखांसकट माहीत आहे. विटा भरलेल्या सात कुंड्या गॅलरीच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन येतं पण झड येत नाही अशा अडीच फुटांच्या पट्ट्यात रचायच्या. न मावलेल्या दोन बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी.

तरी एका ऑगस्टमध्ये झड लागलीच. चार दिवस ऊन नाही, वाऱ्याने पाऊस आत. पाचव्या दिवशी सगळ्यात मोठ्या झाडाच्या बुंध्याला बोट लावलं आणि पोटात धस्स झालं. एका बाजूला रुपयाएवढी जागा मऊ. या वेळी मात्र काय करायचं ते माहीत होतं. झाड उपटलं, मुळं धुतली नाहीत, नुसती झटकली. सुरी गॅसवर तापवून घेतली आणि मऊ भाग कापत गेलो. सड जाईपर्यंत कापायचं, तपकिरी ठिपकादेखील ठेवायचा नाही, आतून स्वच्छ पांढरा गर दिसला की थांबायचं. पाव बुंधा गेला. बाबा बॅटरी धरून उभे होते. दर कापाला आई "हळू रे" म्हणत होती. बुरशीनाशक संपलेलं होतं, म्हणून जखमेवर हळद चेपली. आमच्याकडे गुडघा फुटला तरी हळद, विळी लागली तरी हळद, तर झाडाला का नको?

मग ते वाळायला हवं. आठ-दहा दिवस, सावलीत, कोरड्या जागी, मातीशिवाय. त्या ओल्या ऑगस्टात घरात कोरडी जागा एकच होती, फ्रिजच्या वर. तिथे वर्तमानपत्रावर ते पिवळं धमक, अर्धं कापलेलं, मुळं वर केलेलं झाड जाऊन बसलं. तिसऱ्या दिवशी आत्या आली. तिने ते बघितलं आणि बायकोला म्हणाली, "सुरण आणलाय वाटतं. खाजरा आहे का बघ, चिंच जास्त घाल." बायकोच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हापासून फ्रिजवर झाड असलं की त्याच्या गळ्यात लाल पेनाने 'विष' लिहिलेली चिठ्ठी असते. वाळायला ठेवलेलं झाड आणि चिठ्ठी बघून गॅस दुरुस्तीला आलेल्या माणसाने कामाचे पैसे घ्यायची बरीच घाई केली.

ते झाड जगलं. पाव बुंधा नसलेलं, एका कुशीवर कललेलं असं ते आता आमचं सगळ्यात देखणं झाड आहे. गेल्या वर्षी त्याला शेंगासुद्धा धरल्या. जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या दोन बाजूंना वळलेल्या. पिकल्या की फटकन उकलतात आणि आतली बी, जिच्या दोन्ही टोकांना रेशमी झुबका असतो, वाऱ्यावर निघून जाते. म्हणून त्यांना आधीच दोरा गुंडाळून ठेवतात. मुलाने लाल लोकर गुंडाळली, टोकांना चमकीचा कागद लावला. पोळा दोन दिवसांवर होता. त्या बियांची अकरा रोपं झाली. बियांच्या झाडाचा बुंधा चांगला फुगतो, फांदी लावून केलेल्याचा तसा फुगत नाही, पण फुलाचा रंग आईबापांसारखा येईलच याचा भरवसा नाही. ज्यांना ठरावीक रंग हवा ते कलम करतात. आम्ही वाट बघतोय.

या मे महिन्यात आम्ही सगळे अठरा दिवस कोकणात गेलो होतो. निघताना काकांकडे किल्ली दिली. चिमण्यांना पाणी, तुळशीला पाणी, आणि गॅलरीतल्या त्या सात कुंड्यांना अजिबात पाणी नाही, असं तीनदा सांगितलं. काकांनी मान डोलावली. अठरा दिवस मला समुद्र दिसत होता आणि मनात ती मान डोलत होती. परत आल्यावर चपला न काढता गॅलरीत गेलो. सातही कुंड्या खडखडीत कोरड्या, बुंधे थोडे सुरकुतलेले आणि कललेल्या झाडावर मी मोजली ती एकेचाळीस फुलं. पानं कमी, फुलं जास्त. काका मागे उभे होते. जरा अवघडून म्हणाले, "माफ करा हं. तुम्ही नको म्हणालात तरी मी घालणारच होतो थोडं थोडं. पण किल्लीच सापडेना. कालच सापडली." मग समजलं की तुळशीलाही पाणी मिळालेलं नव्हतं. ती वाळून गेली होती.

आईने पहिलं काम काय केलं असेल? काकांना पाणी दिलं.

तर पुण्याला आलात की आमच्याकडे जरूर या. फुलं उन्हाळ्यात चांगली असतात. दारात पाणी मिळेल, ते प्या, सबंध पेला संपवा. नाहीच संपलं तर पेला तसाच टीपॉयवर ठेवा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. फक्त उरलेलं पाणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून शेजारच्या कुंडीत ओतू नका. खिडकीपाशी ठेवलेल्या त्या दोघांना आत्तापर्यंत पाहुण्यांनीच सगळ्यात जास्त पाणी पाजलंय.